फीडरवर दुर्मिळ पक्षी आलाय, लोकांना बघायला येऊ द्यायचं का?

आधी पत्र. थोडं कमी करून देतेय, आणि पक्ष्याचं नाव, ठिकाण हे सगळं मुद्दाम काढलंय.

"ताई, नमस्कार. आम्ही दर हिवाळ्यात घरामागे पक्ष्यांना दाणे घालायचे फीडर लावतो. माझ्या सासऱ्यांचं चालणं आता फारसं होत नाही, दिवसभर मागच्या खिडकीपाशी बसतात, पक्षी बघणं हाच विरंगुळा. मागच्या आठवड्यात बर्फ पडला त्या सकाळी त्यांनीच हाक मारली की हा आज आलेला आपला नेहमीचा नाही. मुलीने फोटो काढून एका बर्डिंग ग्रुपवर टाकला, हा कोण म्हणून. तासाभरात धडाधड मेसेज. म्हणे हा पक्षी आमच्या भागात दिसतच नाही, हजारो किलोमीटर भरकटून आलाय. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गल्लीत गाड्या उभ्या. एक जण तर न विचारता कुंपणाच्या आत आला, भली मोठी लेन्स घेऊन. शेजारी वैतागलेत. मिस्टर म्हणतात फीडरच काढून टाक, विषय संपला. मुलगी म्हणते बघू दे की लोकांना, एवढी मोठी गोष्ट आहे. सासऱ्यांना माणसं आलेली आवडतात पण दमून जातात. मला मात्र त्या पक्ष्याचीच जास्त काळजी वाटते. एवढ्या थंडीत जगेल का तो? आम्ही घालतोय ते खाणं बरोबर आहे का? आपण एकदा खायला घातलं की तो आपल्यावरच अवलंबून राहतो असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का? कोणाला बोलावून पकडून त्याच्या प्रदेशात पोचवायला हवं का? आणि लोकांना नाही म्हटलं तर आम्ही वाईट ठरू का?"

सगळ्यात आधी, फीडर काढू नका. तुमच्या मिस्टरांचा वैताग मला पूर्ण समजतो आणि त्यावर पुढे बोलतेच, पण सध्याच्या थंडीत फीडर अचानक बंद करणं हा लोकांना घालवायचा सगळ्यात वाईट मार्ग आहे, कारण लोक दोन दिवसांनी पण येतील आणि त्यांचं काही बिघडणार नाही, बिघडेल ते फक्त त्या पक्ष्याचं.

का ते सांगते. छोट्या पक्ष्याचं हिवाळ्यातलं गणित फार काटेकोर असतं. दिवसभर खाऊन अंगावर जी थोडी चरबी साठते ती रात्रभर शरीर गरम ठेवण्यात जळून जाते, एका थंड रात्रीत स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत वजन उतरू शकतं. उत्तर अमेरिकेतली चिकडी, जेमतेम ११-१२ ग्रॅमचा जीव, कडाक्याच्या रात्री शरीराचं तापमानच दहाएक अंशांनी खाली आणते, कारण नेहमीचं तापमान टिकवायला पुरेसं इंधन नसतं. आता विचार करा, असा पक्षी सकाळी उठतो तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी. उजाडल्यानंतरचा पहिला तास दोन तास त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे, आणि तसेच संध्याकाळी अंधार पडायच्या आधीचे, कारण तेव्हा पुढच्या रात्रीची सोय करायची असते. आणि नेमकं पहाटेच लोक येऊन उभे राहतात कारण सगळ्यांना वाटतं सकाळी नक्की दिसेल! दिसेल ना, पण तेव्हा त्याला चार वेळा उडवून लावलं तर प्रत्येक उडण्याची किंमत तो मोजतो आणि चोचीत दाणा मात्र पडत नाही. म्हणून तुम्ही लोकांना हो म्हणा किंवा नाही म्हणा, पहाटे आणि संध्याकाळी फीडरजवळ कोणीही नको. ही एक गोष्ट अजिबात सोडू नका, बाकी सगळं तुमच्या सोयीने ठरवा.

अवलंबून राहण्याबद्दल. हे बऱ्याच लोकांकडून ऐकायला मिळतं आणि त्यामुळे चांगली माणसं उगाच घाबरतात. मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅनली टेम्पल या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधे चिकडींवर याच प्रश्नाचा अभ्यास केला होता. एक म्हणजे त्यांना असं दिसलं की फीडर असलेल्या जागी हिवाळा पार करणाऱ्या चिकडी ६९ टक्के आणि फीडर नसलेल्या जागी ३७ टक्के, आणि हा फरक मुख्यतः फार कडक थंडीच्या दिवसांत पडत होता. दुसरं म्हणजे जिथे वर्षानुवर्षं फीडर होते तिथले फीडर काढून घेतल्यावर एका सौम्य हिवाळ्यात तिथल्या चिकडी इतर ठिकाणच्या चिकडींइतक्याच जगल्या. म्हणजे फीडरमुळे त्या आळशी झाल्या नव्हत्या, रानातलं खाणं शोधायचं विसरल्या नव्हत्या, त्यांचं बहुतेक खाणं तसंही बाहेरूनच येत होतं. फक्त लक्षात घ्या, हे तिथल्याच पक्ष्यांबद्दल आहे ज्यांना प्रत्येक झाड माहिती असतं. तुमचा पाहुणा परक्या मुलखात आहे, त्याला इथे कुठे काय मिळतं ते कळायला वेळ लागणार, त्यामुळे त्याच्या बाबतीत मी जास्त सावध राहीन. बर्फ आहे तोपर्यंत रोज, न चुकता, उजाडायच्या आधी फीडर भरलेला असू दे. गावाला जायचं असेल तर मुलीला किंवा एखाद्या शेजाऱ्याला सांगून जा.

खाणं काय घालायचं? तुम्ही लिहिलंय सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीचे गोळे, तर सुरुवात उत्तमच आहे. पण त्याची चोच नीट बघा, जवळून, दुर्बिणीतून. जाड, शंकूसारखी चोच असेल तर तो बिया फोडून खाणारा, त्याला सूर्यफूल चालेल आणि बारीक धान्य जमिनीवर टाकलं तर कदाचित अजून आवडेल कारण असे बरेच पक्षी फीडरला लटकत नाहीत, खालीच टिपत फिरतात, मग बर्फ थोडा झाडून एक जागा मोकळी करून द्या. चोच बारीक टोकदार असेल तर तो मुळात किडे खाणारा, बियांशी त्याला काही देणंघेणं नाही, त्याला चरबी आणि मीलवर्म म्हणजे विकत मिळतात त्या अळ्या, सुक्या असतील तर कोमट पाण्यात भिजवून. थ्रशसारखा, म्हणजे कस्तुरासारखा मध्यम चोचीचा असेल तर सफरचंद अर्धं कापून जमिनीवर किंवा फांदीच्या खिळ्याला टोचून ठेवा, आणि कुठे फळांनी लगडलेलं झुडूप असेल तर ते यंदा छाटू नका. फुलांतला रस पिणारा असेल तर एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी, बस, त्यात रंग नाही, मध तर अजिबात नाही कारण तो आंबतो आणि त्यात बुरशी धरते. हे पाणी रात्री गोठतं, तेव्हा रात्री आत आणून पहाटे परत टांगायचं. ब्रेड कोणालाच नको, मीठ लावलेलं तर मुळीच नको. आणि पाणी! लोक खाण्याचंच बघतात, पण सगळं गोठलेलं असताना न गोठलेलं पाणी मिळणं हे दाण्याइतकंच मोठं आहे, सकाळ-दुपार एक उथळ भांडं कोमट पाणी भरून ठेवा, त्यात मीठबीठ काही घालू नका गोठू नये म्हणून.

पकडून पोचवायचा विचार सोडून द्या. तुमच्या मनातली कळकळ कळते पण निरोगी रानपक्षी पकडणं बहुतेक देशांत परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे, आणि पकडण्याच्या, पिंजऱ्यातल्या, प्रवासाच्या ताणाने तो मरण्याचा धोका इथल्या थंडीपेक्षा जास्त. असे भरकटलेले पक्षी पुष्कळदा पहिल्याच वर्षातले असतात, पहिलंच स्थलांतर, दिशेचं उपजत गणित थोडं चुकलं किंवा वादळी वाऱ्याने ढकललं की भलतीकडे उतरतात. पण उतरले म्हणजे संपले असं नाही. २०२१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतला एक मॉकिंगबर्ड इंग्लंडमधे एक्समथला एका घराच्या बागेत सापडला, समुद्रापलीकडून आलेला. तिथे तो काही आठवडे राहिला, आणि मग वसंत ऋतूत तोच पक्षी आधी ससेक्समधे आणि नंतर पार उत्तरेला नॉर्थम्बरलँडमधे दिसला. हिवाळा काढला आणि निघाला पुढे. त्याला लागलं ते एवढंच, खाणं, आडोसा आणि शांतपणे राहू देणं. हां, पक्षी जखमी दिसला, पंख लोंबतोय, जमिनीवरून उडतच नाहीये, तर मात्र तुमच्या भागातल्या वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा, स्वतः हात लावायला जाऊ नका.

आता माणसं.

तुम्ही विचारलंय नाही म्हटलं तर वाईट ठरू का. नाही. स्वच्छ सांगते, तुम्ही कोणाचंही काहीही देणं लागत नाही. एखाद्याने सहाशे किलोमीटर गाडी चालवली हा त्याचा निर्णय. खरे पक्षीवेडे हे समजून असतात, आणि ज्याला समजत नाही त्याच्यासाठी तुम्ही मन खायचं कारण नाही. पण त्याच वेळी तुमच्या मुलीचं म्हणणंही मला पटतं. एखाद्या माणसाने तीस वर्षं पुस्तकातल्या चित्रात बघितलेला पक्षी तुमच्या खिडकीतून त्याला दोन मिनिटं दिसतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, मी असे चेहरे बघितलेत, मोठे मोठे लोक रडतात अक्षरशः. तेव्हा माझं मत असं: हो म्हणा, पण तुमच्या अटींवर, आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं तरच. एकाचाही जीव कोंडत असेल, मग ते मिस्टर असोत की सासरे, तर नाही म्हणा आणि नाहीवर ठाम राहा. अर्धवट हो सगळ्यात वाईट, त्यातूनच कुंपणात शिरणारे तयार होतात, कारण कुठे उभं राहायचं, कधी यायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं ना.

हे गंभीरपणे घ्या कारण गर्दी खरोखर होऊ शकते. १९८९च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या केंट परगण्यात लार्कफील्ड नावाच्या ठिकाणी एका वस्तीत गोल्डन विंग्ड वॉर्बलर दिसला, अमेरिकेतला छोटासा पिवळ्या पंखपट्ट्याचा पक्षी, युरोपात त्याआधी कधीच नोंद नव्हती. तेव्हा मोबाइल नव्हते, बातमी फोनवरच्या माहिती सेवेतून पसरली, आणि त्या शनिवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमधे आणि घराघरांच्या बागांसमोर हजारो माणसं उभी. एका फोटोवर आता काय होऊ शकतं ते तुम्ही बघितलंच, तुमच्याकडे तर तासाभरात झालं.

पण उलटं उदाहरणही आहे आणि ते मला फार आवडतं. २००८च्या जानेवारीत इंग्लंडच्याच नॉरफोकमधल्या क्लाय गावात एका घराच्या दारातल्या मोकळ्या जागेत व्हाइट क्राउन्ड स्पॅरो आली, तीही अमेरिकेतून. घरच्यांनी लोकांना बघू दिलं, दाणे घातले, आणि येणाऱ्यांसाठी देणगीचा डबा ठेवला, गावातल्या जुन्या चर्चच्या डागडुजीसाठी. त्या डब्यात सहा हजार पाउंडांपेक्षा जास्त जमले! पुढे त्या चर्चच्या एका रंगीत काचेच्या खिडकीत त्या चिमणीचं चित्रही बसवलं गेलं. गल्लीत त्रास म्हणून आलेली गर्दी गावाच्या कामी आली, कारण पहिल्या दिवसापासून कोणीतरी त्याला वळण लावलं. तुम्हीही एक डबा ठेवू शकता, पण घरासाठी नको, तुमच्या भागातल्या एखाद्या पक्षी बचाव केंद्रासाठी किंवा वस्तीच्या कामासाठी ठेवा, शेजाऱ्यांचा सूर त्यानेच बदलेल. दाण्यांचा खर्च निघाला तर त्यात गैर काही नाही, पण बघायचे पैसे लावू नका, मग लोक हक्काने वागायला लागतात.

शेजाऱ्यांकडे आधी जा, आजच संध्याकाळी, स्वतः. मेसेज टाकू नका. काय झालंय ते सांगा, किती दिवस चालेल माहीत नाही हेही सांगा, आणि त्यांना विचारा की गाड्या कुठे नकोत. त्यांचं फाटक अडतंय का, कोणाचं लहान बाळ दुपारी झोपतं का, कुणाच्या खिडकीकडे कॅमेऱ्याची तोंडं जातायत का. हा शेवटचा मुद्दा लोक बोलून दाखवत नाहीत पण मनात तोच असतो, दिवसभर दहा लेन्स तुमच्या बेडरूमच्या दिशेने रोखलेल्या असतील तर कोणालाही घुसमटायला होणार. आणि मग त्यांनाही बोलवा हो तो पक्षी बघायला, दुर्बीण हातात द्या. ज्याने स्वतः बघितला तो शेजारी चार दिवस जास्त सहन करतो, हे मी परत परत होताना बघितलंय.

वेळ ठरवा, सकाळी दहा ते दुपारी दोन. एवढीच. तोपर्यंत त्याचा सकाळचा भर संपलेला असतो आणि संध्याकाळचा सुरू झालेला नसतो, तुमच्याही घरातली सकाळची धावपळ उरकलेली असते. आठवड्यातले दोन दिवस पूर्ण बंद ठेवा, सासऱ्यांसाठी आणि तुमच्यासाठीही. एका वेळी पाच-सहाच माणसं, आधी मेसेज करून वेळ घेतलेली, अर्धा तास, मग पुढचे. गाडी मोठ्या रस्त्याला लावून चालत यायचं. सगळ्यांशी बोलणारी एकच व्यक्ती असू दे, तुमची मुलगी मोठी आणि उत्साही दिसते, तिला ते काम द्या. आणि भागातल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपमधे एखादा जुना जाणता माणूस असतोच, त्याला विचारा की दोन-तीन जण रोज उभे राहतील का गर्दी सांभाळायला. बहुतेक वेळा आनंदाने येतात, आणि एखादा आगाऊ असेल तर त्याला बर्डरने सांगितलेलं लवकर कळतं, घरमालकाने सांगितलं की वाद होतो.

कुठून बघायचं? शक्य असेल तर घराच्या आतून नाही, बाहेरूनही फीडरच्या अगदी समोरून नाही. कुंपणाच्या बाहेर किंवा घराच्या कोपऱ्याच्या आडून, जिथून फीडर दिसतो पण माणसं आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी दिसत नाहीत अशी एक जागा निवडा आणि तिथे जमिनीवर दोरी टाकून ठेवा, दोरीच्या पुढे पाऊल नाही. अंतर किती हे पक्षीच सांगेल. नीट बघा त्याच्याकडे लोक उभे असताना. तो फीडरवर येतो, दाणा उचलतो, फोडतो, परत उचलतो, पिसं थोडी फुगलेली, तर ठीक चाललंय. पण मान एकदम ताणून उंच करतो, पिसं अंगाला घट्ट चिकटवून बारीक दिसायला लागतो, शेपटी झटकतो, किंवा फीडरपर्यंत येऊन दाणा न घेताच झुडपात परत जातो, असं दोनतीनदा झालं तर सगळ्यांना मागे घ्या, लगेच, कोण किती लांबून आलंय ते न बघता. झुडूप हा त्याचा आडोसा, त्याच्या जवळ कोणीही जायचं नाही, हलवून बघायचं नाही. बहुतेक वेळ तो तिथेच बसणार आणि लोक ताटकळतील, ताटकळू दे.

मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला बाहेर बोलावणं बंद म्हणजे बंद. त्याला वाटतं दुसरा कोणी आलाय, तो खाणं सोडून शोधत फिरतो, हिवाळ्यात ही चैन परवडणारी नाही. फ्लॅश नको, ड्रोन नको, कुत्री नकोत. फोटोवाले वाईट नसतात, उलट त्यांच्या फोटोंनी नोंद पक्की होते, पण अजून थोडं जवळ, अजून एक फ्रेम, हा मोह त्यांना सुटत नाही, म्हणून त्यांना वेळेची मर्यादा जास्त कडक.

आणि ग्रुपवर तो फोटो टाकलाय त्याचं आता काय करायचं? तुमच्या मुलीने काही चुकीचं केलं नाही, अनोळखी पक्षी दिसल्यावर विचारायचं नाही तर काय करायचं. पण आता आधीच्या पोस्टमधून पत्ता, घराचा नंबर, नकाशावरची खूण काढून टाका, आणि फोटोच्या मागे घर किंवा गल्लीची पाटी दिसत असेल तर तेवढा भाग कापून टाका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर नेमक्या घराऐवजी गाव किंवा तालुक्याच्या पातळीची जागा निवडता येते, किंवा पक्षी निघून गेल्यावर नोंद टाकता येते, नोंद उशिरा टाकली म्हणून तिची किंमत कमी होत नाही. मी तुमचं पत्र छापताना नाव, गाव आणि पक्षी काढला तो याचसाठी, हे सदर वाचणाऱ्यांतही पुष्कळ बर्डर आहेत आणि दोन तपशील जुळले की त्यांना पुरतात.

नाही म्हणायचं ठरलं तर ते असं लिहा, साधं, लांबलचक कारणं न देता: "पक्षी खासगी घरात आहे, घरात आजारी ज्येष्ठ आहेत, बघायला येता येणार नाही, कृपया गल्लीत येऊ नये. पक्ष्याची रोजची माहिती आणि फोटो आम्ही इथे देत राहू." बघा, हे शेवटचं वाक्य फार उपयोगाचं आहे, कारण लोकांची निम्मी तडफड तो आहे की गेला हे न कळल्यामुळे असते. आणि रोज एक फोटो टाकणं जमलं तर टाका. फाटकावरही एक कागद लावा, मोठ्या अक्षरात, हात जोडून विनंती वगैरे नको, सरळ "आत येऊ नये". तरीही कोणी कुंपणात शिरला तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि पोलिसांना कळवायला संकोच करू नका.

अजून काही गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत पण मला त्यांचीच जास्त भीती वाटते. पहिली, काच. सासऱ्यांची खिडकी फीडरसमोर आहे म्हणालात. फीडर काचेपासून तीनचार मीटरवर असेल तर ते सगळ्यात धोक्याचं अंतर, पक्षी दचकून उडाला की पूर्ण वेगात काचेवर आदळतो. तो एकतर काचेच्या अगदी जवळ आणा, एका मीटरच्या आत, म्हणजे वेगच घेता येत नाही, किंवा दूर न्या दहा मीटरवर. जवळ आणलात तर सासऱ्यांना तो अजून छान दिसेल. पण एकदम हलवू नका, दोनतीन दिवसांत थोडा थोडा सरकवा नाहीतर पाहुणा बिथरेल. आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा, पाच सेंटिमीटरच्या अंतराने, सगळ्या काचेवर. ससाण्याचं एकच स्टिकर मधोमध चिकटवून काही होत नाही.

दुसरी, मांजर. तुमचं असेल तर घरात, शेजाऱ्यांचं असेल तर आज बोलायला जाल तेव्हा हेही बोला. तिसरी, सफाई. थंडीत फीडरवर गर्दी होते आणि गर्दीत रोग पसरतो. २०२०-२१च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात पाइन सिस्किन नावाचे छोटे पक्षी साल्मोनेला या जिवाणूने इतके मेले की लोकांना फीडर उतरवायला सांगावं लागलं, आणि ब्रिटनमधे २००५पासून ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे ग्रीनफिंच हे पक्षी फार मोठ्या संख्येने कमी झाले. म्हणून निदान दोन आठवड्यांनी एकदा, आता गर्दी आहे तर आठवड्याला, फीडर रिकामा करून साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवून, स्वच्छ पाण्याने खळबळून, पूर्ण वाळवून परत लावा. दुसरा फीडर असेल तर आलटून पालटून, म्हणजे खाडा पडत नाही. खाली पडलेली सालं आणि ओले दाणे झाडून काढा, त्यातच सगळी घाण असते. कुठलाही पक्षी फुगून, डोळे मिटून, माणूस जवळ आला तरी न उडता बसलेला दिसला तर तो आजारी, मग मात्र सगळे फीडर काढून दोन आठवडे बंद ठेवायचे, पाहुणा असला तरी, कारण तो रोग त्यालाही सोडणार नाही. हा एकच प्रसंग ज्यात मी तुमच्या मिस्टरांशी सहमत होईन.

एखादा शिकारी पक्षी फीडरवर झडप घालायला येऊ शकतो. ते थांबवता येत नाही. दोनतीन मीटरवर दाट झुडूप किंवा नुसता फांद्यांचा ढीग करून ठेवलात तर लपायला जागा होते, तेवढंच आपल्या हातात.

आणि नोंद. हे काम तुमच्या सासऱ्यांना द्या, मनापासून सांगतेय. खिडकीपाशी बसून दिवसभर एकाच पक्ष्यावर लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे शास्त्रज्ञांना मिळत नाही अशी सोय. एक वही, तारीख, सकाळी पहिल्यांदा किती वाजता दिसला, शेवटचा किती वाजता, काय खाल्लं, कोणत्या पक्ष्याने हुसकावलं, बाहेर तापमान किती. दुर्मिळ नोंदी तपासणाऱ्या समित्या असतात, त्यांचा पहिला प्रश्न असतो की हा पिंजऱ्यातून सुटलेला तर नाही. त्यासाठी पायाचे फोटो हवेत, पायात कडं आहे का, असेल तर त्यावरची अक्षरं, नखं फार वाढलीत का, पंखांची आणि शेपटीची टोकं झिजून तुटलीत का, कारण पिंजऱ्याच्या तारांवर घासून ती तशी होतात. शेपटी पसरलेली, पंख उघडलेले, पाठीमागून, पोटाकडून, असे वेगवेगळे फोटो मुलीला काढू दे, एकच सुंदर फोटो पुरत नाही. पहिल्यांदा कोणी बघितला या रकान्यात सासऱ्यांचंच नाव लिहायचं, ते त्यांचं आहे.

लोक आले की अजून एक होतं, तेही सांगून ठेवते, इतके डोळे एका जागी जमले की आसपास दुसराही काहीतरी वेगळा पक्षी सापडतो, अ‍ॅरिझोनातल्या पॅटागोनिया नावाच्या गावाजवळच्या एका थांब्यावर असं इतक्यांदा झालं की बर्डर लोक या प्रकाराला त्याच गावाचं नाव देतात. तेव्हा "शेजारच्या झाडावर काहीतरी दिसलं" म्हणून लोक शेजाऱ्यांच्या आवारात घुसायला लागले तर मुलीने तिथल्या तिथे थांबवायचं.

शेवटी तो जाणार. बर्फ वितळल्यावर, किंवा एखाद्या उबदार सकाळी, किंवा उद्याच. दोन दिवस दिसला नाही की लगेच पोस्ट टाका, शेवटचा कधी दिसला ती तारीख आणि वेळ लिहून, म्हणजे पुढच्या शनिवारी कोणी रात्रभर गाडी चालवत येणार नाही. फाटकावरचा कागद काढा, शेजाऱ्यांना जाऊन सांगा की झालं, डब्यात किती जमले तेही सांगा. फीडर मात्र तसाच चालू राहू दे थंडी सरेपर्यंत, कारण मधे गायब झालेले असे पक्षी कधी कधी पुढच्या बर्फाला परत येतात, आणि तुमचे नेहमीचे तर आहेतच. वहीतली पानं फोटो काढून मला पाठवा, तुमच्या भागात नोंदी कोणाकडे द्यायच्या ते मी विचारून कळवते.